रोजगाराची सरकती सीमा

सकाळी सातच्या सुमारास बोरिवली स्थानकात उभे राहिले, तर मुंबईच्या अर्थकारणात झालेला एक मोठा बदल कोणत्याही अहवालाविना दिसतो. चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीला जशी गर्दी असते, तशीच, प्रमाणाने कमी परंतु दरवर्षी वाढत जाणारी गर्दी समोरच्या फलाटावर विरारच्या गाडीसाठीही थांबलेली असते. हातात डबा, खांद्यावर पिशवी, गळ्यात कुठल्याशा ठेकेदाराच्या नावाचे ओळखपत्र. ही माणसे वसई आणि नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील गाळ्यांत, काही तर थेट बोईसर-तारापूरपर्यंत कामाला निघालेली असतात. तिकडे मुलुंडच्या टोल नाक्याजवळ भिवंडीच्या गोदामांकडे आणि ऐरोली-महापेच्या कार्यालयांकडे जाणाऱ्या बस व कंपन्यांच्या गाड्या भरत असतात. उपनगरातून शहराकडे, हा शंभर वर्षांचा प्रघात आता एकमार्गी राहिलेला नाही. उपनगरातील माणूस शेजारच्या लहान शहरांत काम शोधू लागला आहे, आणि त्या शहरांतील माणूस अजूनही उपनगरात येतोच आहे.

वरवर पाहता ही आनंदाची गोष्ट वाटावी. मुंबईवरचा भार हलका व्हावा, उद्योग आजूबाजूला पसरावेत, 'शयननगरे' म्हणून हिणविल्या गेलेल्या गावांना स्वतःचा रोजगार मिळावा, अशी नियोजनकारांची इच्छा पन्नास वर्षे होतीच. ती अंशतः पूर्ण झाली. परंतु जो रोजगार मुंबईच्या उपनगरांतून बाहेर गेला आणि जो शेजारच्या शहरांत उगवला, ते दोन्ही एकच आहेत काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दुर्दैवाने नकारार्थी आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला पोहोचली, तेव्हा वाटेतील घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही खेडी होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे या खेड्यांचे रूप पालटले. विक्रोळीला १९४३ पासून गोदरेज समूहाने वसाहत उभारण्यास आरंभ केला. पुढच्या दोन-तीन दशकांत कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना अभियांत्रिकी, रबर, रंग, औषधे आणि यंत्रभागांचे कारखाने दाटीने उभे राहिले. पश्चिमेला अंधेरीच्या मरोळ भागात औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र झाले, १९७३ साली 'सीप्झ' हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले आणि गोरेगाव, कांदिवली, बोरिवली, दहिसर येथे लघुउद्योगांच्या वसाहती पसरल्या.

या कारखान्यांनी केवळ माल निर्माण केला नाही, एक समाज निर्माण केला. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, स्टोअरकीपर, टाइमकीपर अशा शेकडो हुद्द्यांवर कोकणातून, देशावरून आलेली माणसे लागली. त्यांना नेमणूकपत्र होते, भविष्य निर्वाह निधी होता, दिवाळीचा बोनस होता. कारखान्याच्या पतपेढीतून कर्ज काढून मुलुंड, भांडुप, घाटकोपर, जोगेश्वरी, बोरिवली येथे घरे झाली. संध्याकाळी पाच वाजता भोंगा झाला की साडेपाचला माणूस घरी असे. म्हणूनच त्याला व्यायामशाळा, वाचनालय, भजनी मंडळ, सार्वजनिक गणेशोत्सव आणि गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी यांसाठी वेळ देता येई. उपनगरातील सार्वजनिक जीवनाचा पाया हा असा पहिल्या पाळीच्या भोंग्यावर उभा होता, हे आज विसरले गेले आहे.

हा पाया खचला कसा? याचे सोपे उत्तर म्हणून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाकडे बोट दाखविले जाते. सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या त्या संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झाले यात शंका नाही. पण मुलुंड-भांडुपचे कारखाने काही त्या संपाने बंद पडले नाहीत. त्यामागे तीन वेगळी कारणे एकापाठोपाठ कार्यरत होती.

पहिले कारण शासनाच्या धोरणाचे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे वसाहत, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्टा, तारापूर येथे कारखान्यांसाठी जमीन, पाणी, वीज यांची सोय झाली. १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती मिळू लागल्या. १९७५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले आणि मुंबईत मोठ्या कारखान्यांना वाढू द्यायचे नाही, हे धोरण पक्के झाले. उद्देश चुकीचा नव्हता. एका बेटावर आणि त्याच्या उपनगरांवर साऱ्या राज्याचा उद्योग लादणे शहाणपणाचे नव्हतेच.

दुसरे कारण जमिनीच्या भावाचे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने औद्योगिक पट्ट्यातील जमिनीचा निवासी व व्यापारी वापर करण्याची वाट मोकळी केली. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द केला. कारखाना चालवून वर्षाला जे मिळे, त्याच्या कितीतरी पट रक्कम कारखान्याची जमीन विकून एकदम मिळू लागली. अशा वेळी यंत्रे जुनी झाली आहेत, वीज महाग आहे, जकात परवडत नाही ही सारी कारणे खरी असली, तरी निर्णय जमिनीनेच केला. शास्त्री मार्गावर एकामागून एक चिमण्या उतरल्या आणि त्या जागी मॉल व मनोरे आले.

तिसरे कारण स्पर्धेचे. १९९१ नंतर आयात खुली झाली आणि जुन्या यंत्रसामग्रीवर चालणाऱ्या मध्यम कारखान्यांना नव्या गुंतवणुकीविना टिकणे अशक्य झाले. ज्यांनी नवी गुंतवणूक केली, त्यांनी ती गुजरात, सिल्वासा, दमण किंवा पुण्याच्या चाकणमध्ये केली. मुंबईत कोणी केली नाही.

हीच लाट पुढे ठाण्यावरही आली. १९२५ पासून ठाण्यात उभी असलेली रेमंडची गिरणी २००९ साली थांबली. त्याच वर्षाच्या अखेरीस कल्याणजवळ मोहने येथील रेयॉनचा विशाल कारखाना बंद झाला आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. विलेपार्ल्याला १९२९ साली सुरू झालेला आणि बिस्किटांच्या वासाने साऱ्या परिसराला ओळख देणारा कारखाना २०१६ साली बंद पडला. ज्या वागळे वसाहतीत मुंबईचा उद्योग प्रथम आला, तेथेही आता यंत्रशाळांपेक्षा कार्यालये अधिक दिसतात. रोजगाराची सीमा एकदा सरकू लागली की ती थांबत नाही, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

रोजगारामागे लोकसंख्या सरकली, की लोकसंख्येमागे रोजगार, हा वाद बाजूला ठेवून जनगणनेचे आकडे पाहावेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. उपनगर जिल्हा ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेला, म्हणजे वाढ जेमतेम आठ टक्के. याच काळात तेव्हाचा अविभक्त ठाणे जिल्हा ८१ लाख ३२ हजारांवरून १ कोटी १० लाख ६० हजारांवर पोहोचला. वाढ ३६ टक्के. बदलापूर ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेले, मीरा-भाईंदर ५ लाख २० हजारांवरून ८ लाखांच्या वर. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी झालेल्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा करावा लागला. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हावयास हवी होती, ती झाली नाही. ज्या प्रदेशात माणसे सर्वांत वेगाने सरकली, त्याचे नियोजन इतकी वर्षे जुन्या आकड्यांवर चालले, ही गोष्ट गंभीर आहे.

आता या शेजारच्या शहरांत काम कोणते आहे ते पाहावे. वसईच्या पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवली भागांत हजारो लहान गाळे आहेत. अंधेरी, गोरेगाव, मालाड, दहिसर येथील भाडे न परवडल्याने निघालेले प्लास्टिक, पॅकिंग, सुटे भाग, छपाई, लेखनसाहित्य यांचे छोटे उद्योजक येथे आले. भाईंदर पूर्व स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. उल्हासनगरात फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी बांधवांनी सरकारी छावणीतून एक उद्योगनगरी उभी केली; जीन्स आणि फर्निचर यांसाठी तिचे नाव देशभर आहे. अंबरनाथ, बदलापूर आणि डोंबिवलीत रसायने व अभियांत्रिकी, तारापूरला रसायने, औषधे, कापड आणि पोलाद. ठाणे-बेलापूर मार्गावर पूर्वी रसायनांचे कारखाने होते, तेथे आता ऐरोली, घणसोली, महापे येथे संगणक क्षेत्रातील कंपन्यांची कार्यालये उभी आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या सुशिक्षित तरुणाला नरिमन पॉइंटपेक्षा ऐरोलीचा पूल जवळचा झाला आहे.

आणि सर्वांत मोठा बदल भिवंडीचा. यंत्रमागांचे हे गाव आज देशातील एक प्रमुख गोदामनगरी बनले आहे. त्याचे कारण उद्बोधक आहे. मुंबईत माल आणताना जकात भरावी लागे. मुंबईच्या वेशीबाहेर, नाशिक महामार्गालगत, भिवंडी तालुक्यातील पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, मानकोली या ग्रामपंचायतींच्या हद्दीत माल उतरवून ठेवला तर जकात लागत नसे आणि हवा तेव्हा हवा तेवढाच माल शहरात नेता येई. शेतजमिनीवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली; पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. कारण प्रत्येक राज्यात करासाठी वेगळे गोदाम ठेवण्याची गरज संपली आणि कंपन्यांना मोठी, एकत्रित गोदामे हवी झाली. त्यातच घरपोच विक्रीचा व्यापार वाढला. आज उपनगरातील गृहिणीने भ्रमणध्वनीवर मागविलेली वस्तू बहुधा भिवंडीच्या एखाद्या शेडमधूनच निघते.

एवढे काम निर्माण झाले, मग तक्रार कसली? तक्रार कामाच्या प्रतीची आहे. एखाद्या भांडुपच्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वडील शास्त्री मार्गावरील कारखान्यात तीस वर्षे टर्नर होते. त्यांच्या पगारावर दोन मुले शिकली, एका मुलीचे लग्न झाले, दीड खोल्यांचे घर झाले. मुलगा बारावी झाला, संगणकाचा एक अभ्यासक्रम केला आणि आज भिवंडीच्या गोदामात माल नोंदविण्याचे काम करतो. त्याच्या हाती ज्या कंपनीचा माल आहे, ती त्याची मालक नाही. त्याचा मालक ठेकेदार आहे, आणि दर अकरा महिन्यांनी त्या ठेकेदाराचे नाव बदलते. जाण्या-येण्यात तीन तास जातात. पाळी बारा तासांची. पगार वडिलांच्या अखेरच्या पगाराएवढा असेलही, परंतु वडिलांना पुढच्या वर्षी आपण कोठे असू हे ठाऊक होते, मुलाला पुढच्या महिन्याचेही ठाऊक नाही. बँक त्याला गृहकर्ज देत नाही, वधूपिता त्याला होकार देत नाही. हा मुलगा आळशी नाही, व्यसनी नाही, उनाड नाही. तो रोज पहाटे पाचला उठतो. अशा मुलाला समाज जर स्थैर्य देऊ शकत नसेल, तर दोष त्याच्या पात्रतेत शोधू नये.

कायदा नाही म्हणून हे घडते असेही नाही. वीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू आहे. दहा वा अधिक असल्यास कामगार राज्य विमा. पण एकाच छपराखाली चार ठेकेदारांची नावे दाखवून माणसे विभागली की ही संख्या कागदावर कधीच भरत नाही. हमाली कामासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. मालक अनेक आणि कामगार एक असला, तरी मंडळामार्फत त्याला मजुरी, निधी आणि रजा मिळू शकते, ही कल्पना या राज्याने देशाला दिली. परंतु त्या कायद्याचा आधार घेऊन धाकदपटशाने पैसे उकळणाऱ्या टोळ्या निर्माण झाल्या, त्यामुळे प्रामाणिक उद्योजकही कायद्याला घाबरू लागला. एका बाजूला कायदा चुकविणारा ठेकेदार आणि दुसऱ्या बाजूला कायद्याच्या नावाने खंडणी मागणारा दलाल, या दोघांच्या कात्रीत खरा कामगार सापडला आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षानंतर उपदान मिळावयाचे आहे. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु संहिता दिल्लीत होते आणि अंमलबजावणी मानकोली नाक्यावर व्हावयाची असते. तपासणी करणारा अधिकारी तेथे पोहोचला नाही, तर नेमणूकपत्राचा कागद ठेकेदाराच्या कपाटातच राहील.

दुसरा प्रश्न वाटेचा आहे. मुंबईची रेल्वे दक्षिणोत्तर धावते. ती फोर्ट आणि गिरणगावाला माणसे पोहोचविण्यासाठी आखली गेली. आता काम फोर्टमध्ये नाही, गिरण्या नाहीत; पण रूळ तेथेच आहेत. बदलापूरच्या माणसाला वसईला काम मिळाले, तर त्याने दादरपर्यंत येऊन पुन्हा उलट जायचे काय? वास्तविक दिवा ते वसई हा लोहमार्ग अस्तित्वात आहे. त्यावर भिवंडी रोड, खारबाव, कामण अशी स्थानके आहेत. म्हणजे गोदामांच्या पट्ट्यातून आणि गाळ्यांच्या दारातून रेल्वे जाते. पण तेथे प्रवासी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि मालगाड्यांना अग्रक्रम. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. पुढची सात वर्षे भिवंडीचा कामगार रिक्षा आणि टेम्पोनेच जात राहिला. याउलट जेथे आडवी वाट झाली, तेथे काय घडते याचीही उदाहरणे आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्याचे रूप बदलले. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरच्या माणसाला अंधेरीतील नोकरी आवाक्यात आली. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, त्यानंतर बोईसरचे काम विरारच्या घरातून शक्य झाले. वाट हीच रोजगाराची पहिली अट आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वाट अपुरी असली की तिची किंमत जिवाने मोजावी लागते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर खच्चून भरलेल्या दोन गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि काहींना प्राण गमवावे लागले. ती माणसे साहस करीत नव्हती, कामावर निघाली होती. आणि जे दूरच्या प्रवासाला कंटाळून कारखान्याशेजारीच राहिले, त्यांचे काय? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा कामगारांचे बळी गेले आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. धोकादायक उद्योग हलविण्याच्या घोषणा झाल्या. परंतु वसाहतीच्या भिंतीला चिकटून इमारती उभारण्यास परवानगी देणारे कोण होते, हे विचारले गेले नाही. कारखाना हलविला तर डोंबिवलीचा रोजगार जातो, ठेवला तर माणसे मरतात, अशा पेचात एका सुसंस्कृत शहराला आणून ठेवणे हे नियोजनाचे अपयश आहे.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. उपनगरातील मध्यमवर्गीय कुटुंबांनीही आपल्या मनाची झडती घ्यावी अशी परिस्थिती आहे. ज्या वडिलांनी लेथवर घर उभे केले, त्यांनीच 'मी केले ते तू करू नकोस' असे मुलाला सांगितले. हाताच्या कामाची अप्रतिष्ठा घरातूनच सुरू झाली. मुलुंड, बोरिवली, अंबरनाथ येथे शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे प्रवेश घेणे म्हणजे शिक्षणात हरणे, असा समज घट्ट आहे. परिणामी वसईच्या गाळ्यात साचा बनविणारा कुशल कारागीर मिळत नाही म्हणून मालक त्रस्त, आणि पदवीधर मुलगा गोदामात खोकी मोजतो म्हणून घर त्रस्त. दोघेही एकाच लोकल मार्गावर आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही.

स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या देण्याचे राज्याचे धोरण जुने आहे आणि सवलती घेणाऱ्या उद्योगांकडून ते पाळून घेणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण निव्वळ टक्केवारीने कौशल्य येत नाही. भिवंडीच्या मागावर उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला विणकर बसला आहे, तो कोणाचा घास हिरावून बसलेला नाही. ते काम करण्यास दुसरा कोणी पुढे आला नाही म्हणून तो तेथे आहे. तोही याच देशाचा पुत्र आहे आणि त्याच ठेकेदाराच्या हातचा त्रास सोसतो आहे. त्याच्यावर राग काढल्याने भांडुपच्या मुलाला नेमणूकपत्र मिळणार नाही. दोघांनाही कायद्याचे संरक्षण मिळाले, स्वस्त आणि असुरक्षित मजुराचे आकर्षण संपले, तर स्थानिक तरुणाला आपोआप न्याय मिळेल.

या साऱ्यात स्त्रियांचा विचार क्वचितच होतो. सीप्झमधील दागिने व इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगांनी उपनगरांतील असंख्य मुलींना काम दिले, कारण ते अंधेरीत होते आणि संध्याकाळी घरी परतता येत असे. तेच काम भिवंडीच्या माळावर गेले, रस्त्यावर दिवे नाहीत, स्वच्छतागृह नाही, परतीला बस नाही, तर घरचे मुलीला पाठविणार नाहीत. रोजगार पंचवीस किलोमीटर सरकतो तेव्हा पुरुषाचा प्रवास वाढतो. स्त्रीची नोकरी मात्र संपते. घराच्या मिळकतीतील हा खड्डा कोणत्याही आकडेवारीत ठळकपणे दिसत नाही, पण महिन्याच्या वीस तारखेला तो प्रत्येक स्वयंपाकघरात जाणवतो.

येत्या काळात ही सीमा आणखी सरकणार आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे बारा लाखांना रोजगार मिळेल, असे केंद्र शासनाने म्हटले आहे. ठाणे-बोरिवली भुयारी मार्ग झाल्यावर पूर्व आणि पश्चिम उपनगरांतील अंतर मिनिटांवर येईल. किनाऱ्यावरील मच्छीमार आणि बागायतदार यांच्या शंकांचे प्रामाणिक निरसन व्हावे लागेल, तो स्वतंत्र विषय आहे. परंतु हे प्रकल्प होणार असतील, तर त्यांतील काम कोणत्या प्रतीचे असेल हे आताच ठरविले पाहिजे. क्रेनचालक, सागरी अभियंता, शीतगृह तंत्रज्ञ, विमान देखभाल कारागीर हे घडविण्यास तीन-चार वर्षे लागतात. बंदर तयार झाल्यावर प्रशिक्षणसंस्था काढली, तर कुशल माणसे बाहेरून येतील आणि पालघरच्या वनवासी तरुणाच्या वाट्याला केवळ पहारेकऱ्याची काठी येईल. तारापूरच्या वेळी बऱ्याच अंशी हेच झाले. ते पुन्हा होऊ नये.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरणे अगत्याचे आहे. दिवा-वसई मार्गावर कामाच्या वेळांना धरून नियमित गाड्या सोडाव्यात. वसई-विरार, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर या महापालिकांनी आपल्या विकास आराखड्यात उद्योगासाठी राखलेली जमीन घरबांधणीकडे वळविण्याचा मोह टाळावा; शास्त्री मार्गाचे जे झाले, ते वालीवचे वीस वर्षांनी होऊ द्यायचे नसेल, तर आजच. गोदामांच्या मूळ मालकाला, म्हणजे ज्याचा माल आहे त्या कंपनीला, ठेकेदाराच्या कामगारांच्या नेमणूकपत्रासाठी व निधीसाठी जबाबदार धरावे. माथाडी मंडळांतील अपप्रवृत्तींचा बंदोबस्त करून तो कायदा गोदामांपर्यंत न्यावा. प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची एका औद्योगिक वसाहतीशी गाठ बांधावी. उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, त्याचा वापर व्हावा.

शासन करील तेव्हा करील. समाजाने हात बांधून बसण्याचे कारण नाही. उपनगरांत निवृत्त फिटर, टर्नर, फोरमन, हिशेबनीस हजारोंनी आहेत. त्यांचे ज्ञान गृहसंकुलाच्या बाकावर बसून वाया जाते आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी वस्तीतील दहा मुलांना मापन, आरेखन, यंत्राची देखभाल शिकविली, तर एखाद्या शासकीय योजनेहून अधिक काम होईल. ज्या कार्यकर्त्यांना वस्तीतील घराघराची ओळख आहे, त्यांनी एक साधी नोंदवही ठेवावी: कोणता मुलगा कोठे कामाला जातो, त्याच्याकडे नेमणूकपत्र आहे काय, निधीचा क्रमांक आहे काय, त्याच्या खात्यात खरोखर पैसे जमा होतात काय. क्रमांक असूनही खाते रिकामे असल्याचे अनेकांना नोकरी सुटल्यावरच कळते. ही विचारपूस करण्यास निधी लागत नाही, आस्था लागते. आणि पालकांनी मुलाच्या हाताला काळे लागले म्हणून लाज वाटू देऊ नये. त्यांच्या स्वतःच्या घराच्या भिंती त्याच काळ्या हातांनी उभ्या राहिल्या आहेत.

शास्त्री मार्गावरून आता मेट्रो जाणार आहे. ज्या रस्त्याच्या कडेने एके काळी भोंग्याच्या तालावर कामगार चालत, त्याच रस्त्यावरून वातानुकूलित डब्यातून त्यांची नातवंडे जातील. ती कोठे जातील, हा प्रश्न आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटाकडे, की स्वतःच्या नावाच्या नेमणूकपत्राकडे? काम दूर गेले याचे दुःख करीत बसण्यात अर्थ नाही. काम नेहमीच सरकत आले आहे. कामाबरोबर त्याची प्रतिष्ठाही सरकत जाऊन वाटेत कोठे हरवू नये, एवढी दक्षता मात्र घ्यावीच लागेल. बोरिवलीच्या फलाटावर सकाळी विरारच्या गाडीची वाट पाहणाऱ्या त्या तरुणाचे समाजावर तेवढे ऋण निश्चित आहे.